आठ वाजताची माफी

वृत्तवाहिनीच्या संपादक बाईंना ऑफिसात सगळे तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘चाळणी’. बातमी त्यांच्या हाताखालून गेली की खडा राहत नाही, म्हणून. हे नाव त्यांच्या कानावर कधीच आलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या. उलट, खरं सांगायचं तर मनातून सुखावल्याच होत्या.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या इथे बातम्या वाचायची चाचणी द्यायला आल्या होत्या. “चेहरा ठीक आहे, पण आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा,” असं परीक्षकाने तोंडावर सांगितलं. घरी जायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, “मग ज्याला आवाज लागत नाही असं काही काम आहे का?” होतं. टेपांच्या खोलीत. हजारो टेपा बघायच्या, कुठल्या मिनिटाला काय आहे ते वहीत लिहायचं आणि टेप कपाटात लावायची. तिथून बातमीदार, मग निर्माती, मग उपसंपादक असं करत करत त्या काचेच्या केबिनपर्यंत पोचल्या. कुणाचा हात धरून नाही, कुणाचा पाय ओढून नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्या सकाळी रिसेप्शनवरून फोन आला. “मॅडम, एक बाई आल्यात. आठ वाजल्यापासून बसल्यात. जा म्हटलं तरी हलत नाहीत.”

“कोण आहेत?”

“कालच्या त्या अँब्युलन्स ड्रायव्हरची बायको.”

आदल्या संध्याकाळी आठच्या बातम्यांत तीच बातमी सगळ्यात वर होती. पुलाजवळ अडकलेली अँब्युलन्स आणि शेजारच्या टपरीवर हातात ग्लास घेऊन उभा असलेला ड्रायव्हर. ‘रुग्ण आत, ड्रायव्हर चहावर!’ हा मथळा बाईंनी स्वतः दिला होता. तासाभरात ड्रायव्हर निलंबित झाला होता.

त्या खाली गेल्या. समोरची बाई रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिने एवढंच विचारलं, “ताई, तुम्ही गाडीच्या आत बघितलंत का हो?”

“म्हणजे?”

“तेव्हा गाडीत कुणी नव्हतंच. पुढे ट्रक उलटला होता. यांनी गाडीतल्या आजारी आजोबांना पाठीवर घेतलं, सगळ्या गाड्यांच्या मधून पलीकडे नेलं आणि दुसऱ्या अँब्युलन्समध्ये घातलं. परत आले तेव्हा पाय लटपटत होते. टपरीवाल्याने पाणी दिलं. चहा नव्हता तो. पाणी होतं.”

बाईंनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः संपादन कक्षात गेल्या. “कालचं कच्चं चित्रण लावा. सगळं. पहिल्या सेकंदापासून.”

चित्रण अकरा मिनिटांचं होतं. चौथ्या मिनिटाला कॅमेरा अँब्युलन्सच्या मागून फिरला होता. दारं सताड उघडी, स्ट्रेचर रिकामं, चादर अर्धी खाली लोंबकळलेली. नऊ सेकंद. बातमीत ते नऊ सेकंद नव्हते.

ती बातमी आणणाऱ्या गुन्हे बातमीदाराला बोलावलं. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस; त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मॅडम, घाई होती. मी ते बघितलंच नाही.”

“मीही नाही बघितलं,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेपा बघितल्या, आणि काल माझ्याच बातमीची बघितली नाही.”

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. आजोबा शुद्धीवर होते आणि ‘मला पाठीवर घेणारा तो कुठे आहे’ म्हणून नर्सला भंडावून सोडत होते.

मालकांना कळल्यावर ते लगबगीने खाली आले. “स्क्रीनच्या खाली माफीची पट्टी चालवा ना. दोनदा चालवा, हवं तर तीनदा. एवढं मनाला कशाला लावून घेता?”

“आरोप अडीच मिनिटांचा होता, साहेब. आठ वाजता, सगळ्यात वर. माफीही तेवढीच आणि तिथेच.”

“लोक हसतील.”

“हसू देत. खोटारडे मात्र म्हणणार नाहीत.”

मालकांनी घड्याळात बघितलं. “वाचणार कोण? तुमचा अँकर तर आत्ताच माझ्याकडे येऊन गेला. चूक माझी नाही, म्हणतो.”

“त्याचं बरोबर आहे. मथळा माझा होता. मीच वाचते.”

आठ वाजता बाई अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा अँकरच्या खुर्चीत बसल्या. मेकअपवाली पावडर घेऊन धावली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. लाल दिवा लागला. त्यांनी ते नऊ सेकंद दाखवले, मग तो मथळा दाखवला आणि म्हणाल्या, “हा मथळा मी लिहिला. तो खोटा होता. ज्या माणसाने एक जीव वाचवला, त्याला आम्ही तुमच्यासमोर गुन्हेगार म्हणून उभं केलं. त्याची, त्याच्या घरच्यांची आणि तुमची मी माफी मागते.” आवाज खरंच पत्र्यासारखा होता. पण कापत नव्हता.

स्टुडिओबाहेर पडल्या तेवढ्यात आईचा फोन. “अगं, इतकी वर्षं टीव्हीत आहेस आणि दिसलीस ती माफी मागताना?”

“हो गं आई.”

“आणि केस तरी विंचरायचेस!” मग आईचा आवाज उतरला. “चांगलं केलंस हो. मी उभी राहून बघितलं.”

बाई जिन्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपण आजवर केलेल्या सगळ्या कामांत हेच सगळ्यात चोख झालं, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर कामावर रुजू झाला. त्याने फोन केला, पण आभार मानले नाहीत. “राग गेलेला नाही, मॅडम,” तो सरळ म्हणाला. “पण पोरगी शाळेत जात नव्हती. आज गेली. तेवढं सांगायला फोन केला.”

“बरं झालं सांगितलंत. आणि राग राहू द्या. तो तुमचा हक्कच आहे,” बाई म्हणाल्या.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊची बैठक नेहमीसारखी भरली. बाईंनी विचारलं, “आज काय काय आहे?”

गुन्हे बातमीदार खुर्चीतून उठला. “मॅडम, आधी एक सांगायचंय. माझ्या परवाच्या बातमीत एका माणसाचं वय चुकलंय. कुणी तक्रार केलेली नाही. मीच तपासलं.”

त्याच्या मागोमाग क्रीडावाल्या मुलीने हात वर केला. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या हवामानवाल्यानेही.

“एकेक करून सांगा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांची मान ताठ होती, आणि आपल्या माणसांकडे बघताना त्यांना हसू आवरत नव्हतं.