दादाच्या स्क्रीनवरची गिटार

आमचा दादा इलेक्ट्रॉनिक्समध्ये हुशार आहे, असं मला लहानपणापासून ऐकवलं जातं. त्यामुळे त्याने बनवलेलं पेडल भिकार वाजतं, हे घरात कुणी ऐकूनच घेत नव्हतं. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. गिटारची वायर तिच्यातून अँप्लिफायरला जाते आणि साधा स्वर जाडजूड, खरखरीत होऊन बाहेर पडतो. दादाच्या डबीतून तो तोंडावर उशी दाबल्यासारखा यायचा.

शनिवारच्या तालमीत बँड ठरवणार होता, मुख्य गिटार मी वाजवायची की ड्रमरच्या मित्राने. मला तो जाडजूड आवाज हवाच होता. विकतचं पेडल आणते म्हटलं, तर दादाने तोंड फुगवलं.

"ग्राफ बघ," तो दर वेळी कॉम्प्युटरवर सर्किट चालवून म्हणायचा. "वरचे सूर पूर्ण येतायत. तुझ्या कानांचं काहीतरी कर."

"मी काय तालमीत ग्राफ वाजवू?"

मग त्याने वायर बदलली, माझ्या तारा जुन्या ठरवल्या, अँप्लिफायरला नावं ठेवली. स्वतःचं सर्किट सोडून जगातल्या प्रत्येक वस्तूवर त्याचा संशय. शुक्रवारी माझं डोकं फिरलं. त्याच्या खोलीत गेले. खुर्चीवर वायरींचा गुंता, बसायला जागा नाही, म्हणून उभ्यानेच स्क्रीनवरच्या सर्किटच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"यात माझी गिटार कुठाय?"

त्याने डाव्या कोपऱ्यातला एक गोल दाखवला. आत नागमोडी रेघ.

"ही माझी गिटार?"

"सिग्नल सोर्स म्हणतात त्याला. कितीही करंट ओढ, दमत नाही."

"माझी दमते ना पण! तिच्यात केसाएवढ्या तारेची कॉइल आहे. एवढा जीव कुठला तिच्यात?"

दादा कीबोर्डकडे वळला. गोलापुढे त्याने कॉइल काढली आणि सिम्युलेशन पुन्हा चालवलं. ग्राफची उजवी बाजू धाडकन खाली आली. मागची नकोशी घूंघूं कमी व्हावी म्हणून त्याने सुरुवातीलाच करंट फारसा न अडवणारा एक लहान रेझिस्टर लावला होता. न दमणाऱ्या गोलाला त्याने काही फरक पडत नव्हता, माझ्या गिटारचा मात्र तो जीवच शोषून घेत होता.

"अगं, वरचे सूर खरंच जातायत की!" दादा खुशीत ओरडला. इतके दिवस मी घसा कोरडा करून जे सांगत होते, ते स्क्रीनने सांगितल्यावर खरं ठरलं. त्याच्या डोक्यात काहीतरी हाणावंसं वाटलं मला.

"मग बदल तो."

"हवा तेवढा मोठा नाहीये माझ्याकडे. उद्या दुकान उघडलं की आणतो."

"उद्या सकाळी तालीम आहे, दादा."

"हं," तो म्हणाला. नजर ग्राफवरच.

मी डबीशिवाय गेले. ड्रमरच्या मित्राकडे विकतचं पेडल होतं. त्याचं वाजवून झाल्यावर माझ्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही.

दुपारी घरी पोचले तर दादा डबी घेऊन दारातच उभा. "लाव, लाव!"

मी लावली, तार छेडली. कितीतरी दिवस मनात ऐकत होते, अगदी तोच आवाज! इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. दादाला ते आनंदाचं वाटलं. तो चपला शोधायला लागला.

"तालीम संध्याकाळी ना? थांब, मीपण येतो ऐकायला."

मी डबीवर पाय ठेवला आणि पुन्हा तेच वाजवलं.