दुसरीच्या नावाला ओ

पोलंडहून पत्र आलं तेव्हा पोस्टमनने ते रोट्यांच्या भट्टीच्या दारातूनच हलवून दाखवलं आणि ओरडला, "इस्फंदियार, तुझ्या बायकोच्या माहेरच्यांना जाग आली रे! पंधरा वर्षांनी का होईना!"

कणकेचे हात ओढणीला पुसत ती बाहेर आली. पाकिटावर लिहिलं होतं, तेओफिला साविट्स्का. इराणच्या अंझली बंदरात सगळे तिला तेओफिलाच म्हणत. लढाईच्या वर्षांत रशियातल्या छावण्यांतून सुटून समुद्रापलीकडून आलेल्या हजारो पोलिश लोकांतली ती एक. किनाऱ्यावरच्या तंबूंतले बाकीचे पुढे कोणी आफ्रिकेत गेले, कोणी हिंदुस्थानात. ती तापाने अंथरुणाला खिळून मागे राहिली. तंबूंना रोट्या पुरवणाऱ्या इस्फंदियारने तिला घरी नेलं, बरी केली आणि वर्षाने तिच्याशी निकाह लावला. मूलबाळ झालं नाही. इस्फंदियारने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तिने पत्र फोडलं. अक्षर वाकडंतिकडं होतं.

"माझ्या सोन्या, मी तुझी आई गेनोवेफा. मेले नाही गं. कझाकस्तानातून आत्ता कुठे सुटले. हरवलेल्या माणसांच्या शोधकचेरीने सांगितलं की तू बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जहाजातून इराणला उतरलीस. यादीत तुझं नाव माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पत्ताही त्यांनीच काढून दिला. दोन ओळी लिही. दोनच लिहिल्यास तरी चालेल."

ती भट्टीच्या ओट्यावर बसली.

इस्फंदियारने विचारलं, "काय गं, वाईट बातमी?"

"आईचं पत्र आहे. जिवंत आहे."

"म्हणजे मला सासू मिळाली!" तो ओरडला आणि रोट्यांसाठी उभ्या असलेल्या बायकांना म्हणाला, "आज कोणाकडून पैसे घेणार नाही. न्या, न्या!"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "सासू येऊन डोक्यावर बसली की रोटीचे दाम दुप्पट करशील!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

कारण ती तेओफिला नव्हतीच. तिचं नाव लुद्विका झारेंबा.

तिचा बाप रशियाच्या उत्तरेत लाकूडतोडीच्या छावणीत मेला. आई दक्षिणेत शेतावर आजारी पडली आणि म्हणाली, "लुद्का, तू जा. दोघींनी मरण्यात काय शहाणपण?" सतरा वर्षांची लुद्विका एकटीच आगगाडीत चढली. तिथे तेओफिला भेटली. ती सोळाची, बारीक चणीची, अखंड बडबडणारी. तिचा भाऊ पोलिश फौजेत होता म्हणून तिचं नाव जहाजाच्या यादीत होतं. लुद्विकाचं कोणीच फौजेत नव्हतं. यादीत नाव नाही, तर जहाज नाही.

समुद्राच्या रशियन बाजूला, क्रास्नोवोद्स्कच्या बंदरात दोन दिवस उन्हात बसवून ठेवलं. प्यायला पाणी नव्हतं. तेओफिलाला हगवण लागली. मालगाडीच्या डब्याखाली सावलीत पडून ती म्हणाली, "लुद्का, मला उठवत नाही. माझं नाव पुकारलं तर तू ओ दे हं. नाहीतर खोडून टाकतील. मग मला न्यायला ये."

"येते," लुद्विका म्हणाली. तेओफिलाचा कागद तिने आपल्या हातात घेतला.

नाव पुकारलं. लुद्विकाने ओ दिली. रशियन शिपायाने कागद पाहिला, यादीवर खूण केली आणि तिला जहाजावर चढायच्या फळीकडे ढकललं. मागून माणसं रेटत होती. वळता आलं असतं का? पंधरा वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की गर्दी फार होती. पण ते खरं नव्हतं. फळीच्या तोंडाशी गर्दी थबकली होती. पाचएक मिनिटं सहज. तिला तो डबा दिसत होता, डब्याखालचे पायही दिसत होते. पाय हलत होते.

ती वळली नाही.

पत्र आल्यावर तीन आठवडे तिने काही लिहिलं नाही. इस्फंदियार रोज विचारी, "लिहिलंस का? त्या बिचारीचा जीव टांगणीला लागला असेल." शेवटी तिने दोन ओळी खरडल्या. "मी जिवंत आहे. बरी आहे. नवरा चांगला आहे." खाली सही केली, तेओफिला.

दीड महिन्याने पुडकं आलं. आत हाताने विणलेले लोकरी मोजे होते. सोळा वर्षांच्या पोरीच्या पायाचे. सोबत चिठ्ठी. "माप आठवणीनेच घेतलं, पाय वाढले असतील तर उसवून पुन्हा विणेन. एक फोटो पाठव. माझ्याजवळ तुझा एकही नाही. तोंड आठवायला जाते आणि नुसतं कपाळ दिसतं."

"एवढंच ना!" इस्फंदियार म्हणाला. शुक्रवारी त्याने दाढी केली, कोट चढवला आणि तिला फोटोवाल्याकडे नेलं. पडद्यासमोर खुर्ची होती. फोटोवाला म्हणाला, "खानम, जरा हसा. आईला दाखवायचाय ना?"

ती उठली. पुन्हा बसली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "तिला काय दाखवू? ती मला ओळखायची नाही."

"वेडी की काय? आई लेकीला ओळखणार नाही?" इस्फंदियार म्हणाला.

"मी तिची लेक नाही."

फोटोवाला शहाणा माणूस. फोटोच्या काचा आणायच्या निमित्ताने तो बाहेर गेला. तिने सगळं सांगितलं, पाय हलत होते तेसुद्धा. इस्फंदियार उभ्यानेच ऐकत होता.

मग तो म्हणाला, "म्हणजे मुल्लासमोर मी कबूल म्हणालो, ते कोणाला? एका मेलेल्या पोरीला?"

"मेली की नाही, तेही मला माहीत नाही."

"पंधरा वर्षं तुला हाक मारतोय मी. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही?"

"तुम्ही घराबाहेर काढलं असतं तर जायला जागा नव्हती."

"मला तू असं ओळखलंस होय," तो म्हणाला आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेला.

आठ दिवस तो भट्टीवरच जेवला, तिथेच झोपला. नवव्या दिवशी दुपारी घरी आला, कागद-दौत तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "खरं लिही. म्हातारी परक्या बाईसाठी मोजे विणत मरायला नको."

तिने लिहिलं. काहीही लपवलं नाही. मोजेही परत पाठवले.

उत्तर यायला पाच महिने लागले. इस्फंदियार समोर बसला आणि ती एकेक ओळ त्याच्या भाषेत करून वाचत गेली.

"लुद्विका झारेंबा, तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुलीत घालणार होते. मग वाटलं, माझ्या पोरीची शेवटची खबर एवढीच आहे. म्हणून ठेवलं. तुझं खरं नाव घेऊन मी शोधकचेरीत गेले. आपोलोनिया झारेंबा नावाच्या बाईने तीन अर्ज केले होते. तिन्ही वेळा तिला कळवलं की लुद्विका इराणला उतरलेली नाही, वाटेतच मेली असावी. त्रेपन्न साली ती ओपोल्याच्या निराश्रितांच्या घरी वारली. मी गाडीने ओपोल्याला गेले. थडग्यावर गवत माजलं होतं, ते काढलं, मेणबत्ती लावली. का लावली, ते विचारू नकोस. मी तुला क्षमा करत नाही. मला पुन्हा लिहू नकोस. माझ्या मुलीचं नाव सोड."

वाचताना तिचा आवाज मध्ये कुठेच अडला नाही. संपल्यावर ती म्हणाली, "आई अकरा वर्षं जिवंत होती."

इस्फंदियारने तिच्या हातातून कागद काढून घेतला. त्याला ती लिपी वाचता येत नव्हती, तरी कितीतरी वेळ तो त्याकडे पाहत राहिला.

नाव बदलायला दोन वर्षं गेली. कचेरीतला कारकून दर खेपेला विचारी, "बाई, नाव चुकलं होतं तर इतकी वर्षं कळलं नाही?" ती म्हणे, "कळलं होतं." गावात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, हेर आहे. कोणी म्हणालं, पहिला नवरा टाकून आली असेल. काही बायकांनी रोट्या दुसऱ्या भट्टीवरून न्यायला सुरुवात केली. इस्फंदियारला लुद्विका म्हणायला जमेना, तेओफिला म्हणायला जीभ वळेना. तो नुसतं "अगं" म्हणू लागला.

गेनोवेफाला तिने पुन्हा लिहिलं नाही. नोव्हेंबरात पोलिश लोक आपल्या मेलेल्यांच्या थडग्यांवर दिवे लावतात. त्या दिवशी लुद्विका अंझलीच्या पोलिश कबरस्तानात जाई आणि ज्यांच्या दगडावर नाव नाही अशा कबरी झाडून काढी. ओपोल्याला तिच्या आईच्या थडग्यावर त्या दिवशी कोणी जातं का, हे विचारायला तिला जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला विचारण्याची सोय नव्हती.