बरी झालेली बाई

"ताई, फक्त एवढं म्हणा, का गोळ्या नालीत फेकून दिल्या," सुशील म्हणाला. "बाकी मग तुमच्या मनानं बोला."

"काहून? मी कुठं फेकल्या? रात्रीची एक अजून घेऊन राहिली ना मी."

"ते कोण विचारते, ताई? लोकांले जोश आला पाहिजे. वर्धापनदिन आहे आज!"

सुशील आमच्या योगवर्गाचा संयोजक. मनीषनगरच्या समाजभवनात रोज सकाळी आमचा वर्ग भरतो. फी नाही, काही नाही, फक्त सतरंजी आपली आपण आणायची. वर्षातून एकदा वर्धापनदिन होतो. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या लागतात, हार येतात, मागच्या बाजूला पोहे आणि तर्री शिजत असते. आणि वर्षभरात जो कोणी बरा झाला, त्याने स्टेजवर जाऊन अनुभवकथन करायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. कोणी दमा सांगतो, कोणी गुडघे सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. यंदा माझा नंबर लागला होता. मी अंजना भोयर. घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. भाषणबिषण मला येत नाही, पण देवाने तोंड दिलं आहे आणि ते चांगलं चालतं.

मला काय झालं होतं ते आधी सांगते. कारण त्या दिवशी स्टेजवरून जे सांगितलं गेलं, ते माझं नव्हतंच.

वैभवी, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा पहिलीत होती. आधी मान दुखायला लागली, मग खांदे, मग सगळं अंगच. सकाळी उठायचे ती रात्रभर कोणी बडवून काढल्यासारखी. मशीनचं पायडल मारलं की मांड्यांत कळा यायच्या. शेजारणीने सहज खांद्यावर हात ठेवला तरी मी कळवळायचे. डॉक्टर झाले, वैद्य झाले, रक्त तपासून झालं, फोटो काढून झाले. सगळं नॉर्मल. लोक नॉर्मल रिपोर्ट आला की देवापुढे नारळ फोडतात. मी तो हातात घेऊन रडायचे. कारण घरी गेलं की वैभवीचे पप्पा तो कागद नाचवायचे.

"पाह्य, काही निघालं नाही! तुले काहीच झालं नाही वं. कामाचा कंटाळा आहे, दुसरं काय?"

त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना जिभेवर खडीसाखर, आणि घरात पाय ठेवला की 'सोंग' हा शब्द. माझ्या भावाच्या लग्नात मी आतल्या खोलीत पडून होते, तर हे मांडवात सांगत होते, "तिची बॅटरी डाऊन आहे. काम निघालं का डाऊन होते." सगळे हसले. भिंतीपलीकडे मी ऐकत होते. त्या हसण्याचा राग अजूनही माझ्या पोटात आहे, आणि तो कोणत्याही आसनाने गेलेला नाही.

शेवटी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं. फायब्रोमायल्जिया. "तुमच्या नसा दुखण्याचा निरोप फार मोठ्याने ओरडून सांगतात," त्या म्हणाल्या. रात्रीची एक गोळी दिली आणि श्वासाचा, संथ हालचालींचा सराव करा म्हणाल्या. घरी येऊन नाव सांगितलं तर हे म्हणाले, "आता बिमारीले इंग्रजी नाव भेटलं. झाली महारानी!"

वर्ग महादेवराव घेतात. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी करून रिटायर झालेले, काळे, उंच, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "डॉक्टरले विचारून आल्या का? नसंन विचारलं तर पहिले विचारून या." विचारलं आहे म्हटल्यावर सतरंजीवर उताणं झोपवलं.

"कुठं दुखते?"

मला सवयीने तोंडात आलं, "काही नाही."

"काही नाही कायले म्हणता? दुखते तर दुखते म्हणा. तिथं ध्यान न्या. त्याच्यासंग भांडू नका. श्वास येऊ द्या, जाऊ द्या."

मी पडल्या पडल्या ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या दुखण्याला बसायला पाट दिला होता.

जादू काही झाली नाही, हे नीट ऐकून घ्या. दुखायला लागलं की मी घाबरून सगळं अंग आवळून घ्यायचे, आणि त्या आवळण्यानं दुखणं आणखी चढायचं. ते आवळणं सोडायला शिकले. श्वास सोडताना जबडा सोडायचा, खांदे सोडायचे, तळवे सोडायचे. ऐकायला सोपं आहे. मला त्याला दोन हिवाळे लागले, आणि मधे एकदा सगळं उलटलं, पलंगावरून उठवेना. महादेवराव म्हणाले, "उलटू द्या. पलंगावरच करा. घाई कोणाले आहे?" मग एक दिवस गच्चीवर चादरी वाळत घालून खाली आले आणि जिन्यातच लक्षात आलं, हात वर करताना आज मी दाताखाली ओठ धरला नव्हता. परत वर गेले. वाळत घातलेली एक चादर काढली आणि उगीचच पुन्हा घातली.

तर अशी बरी झाले. वाटलं, आता तरी घरात शांतता होईल. कसली शांतता! माझ्या बरं होण्याचं दुसऱ्याच कामासाठी भांडवल झालं.

झालं असं की वैभवी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महिन्याभरापूर्वी सकाळी मी तिला पाण्याच्या बाटलीशी झटताना पाहिलं. झाकण उघडेना. हात हातात घेतला तर बोटांचे सांधे फुगलेले, गरम. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे. तर हिचे पप्पा ताटावरून न उठता म्हणाले, "काही डॉक्टर-फॉक्टर नाही. तू कुठं डॉक्टरनं बरी झाली? हॉलवर ने तिले. मनाचा खेळ आहे सारा, तूच दाखवून दिलं ना. आन् तिले स्थळं येऊन राहिली. सांध्याची बिमारी म्हणून एकदा नाव पडलं का बसा मंग."

"राहू दे ना मम्मी," वैभवी म्हणाली. "एवढं काही नाही."

मी काही राहू दिलं नाही. त्याच डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. ती नेमकी वर्धापनदिनाच्या दिवशीच मिळाली, कार्यक्रमानंतरची. घरात सांगून टाकलं. हे "पाहू" म्हणाले. त्यांचं 'पाहू' म्हणजे 'नाही' हे मला लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलं होतं, स्टेजवर दोन वाक्यं बोलायची, पोरीला ऑटोत घालायचं आणि निघायचं.

पण सुशीलने आधीच माइक धरला. "आपल्या अंजनाताई! हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता. इथं आल्या आणि सगळ्या गोळ्या नालीत फेकून दिल्या!" हॉलमध्ये टाळ्या. मी म्हटलंच नव्हतं ते त्यानेच म्हणून टाकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि त्यांच्या मागं जो माणूस खंबीर उभा राहिला, त्याचा सत्कार झाल्याशिवाय हा कार्यक्रम पूर्ण होणार नाही. नत्थूजी भोयर, या वर!"

माझा नवरा स्टेजवर आला. हात जोडत, लाजत. त्याला शाल घातली, नारळ दिला. साथ दिल्याबद्दल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि माणसाने गप्प नारळ घेऊन खाली उतरावं ना? नाही. माइक घेतला.

"मी काही केलं नाही," हे म्हणाले. "मी फक्त पहिल्या दिवसापासून हिले म्हणत होतो, का तुले काही झालं नाही. शेवटी माहंच खरं निघालं!" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. यांना चेव आला. "आता माही पोट्टी बी म्हणते, बोटं दुखते. म्हटलं, हिच्याच मायवर गेली. तिलेबी इथंच आणून टाकतो. डॉक्टरची पायरी चढायचं काम नाही!"

पुन्हा हशा. तिसऱ्या रांगेत वैभवी बसली होती. सगळे वळून तिच्याकडे बघत होते, आणि ती पण हसत होती. हसता हसता तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

मी त्यांच्या हातातून माइक ओढला.

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "शाल भेटली, आता बसा. मी बरी झाली, हे खरं आहे. या हॉलनं केली, महादेवरावांनी केली, हेबी खरं. पण बरं व्हायच्या पहिले मी बिमार होती! ते कोणीच सांगून नाही राहिलं. गोळी मी फेकली नाही. आज रात्रीबी घेणार आहे. आन् हे पहिल्या दिवसापासून म्हणत होते, ते अगदी खरं बाप्पा. रोज म्हणत होते. मले पलंगावरून उठवत नव्हतं, तवाबी म्हणत होते. त्याच्यासाठी सत्कार असंन, तर घाला अजून एक शाल."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. श्वास शांत करायला मला येत होतं, पण मी केला नाही. मला त्या वेळी रागच हवा होता.

"माह्या पोरीची बोटं सुजली आहेत. तिले मी इथं आणीन, सतरंजी टाकीन तिची. पण पहिले डॉक्टर. आणि तुमच्यापैकी कोणी घरी गोळ्या बंद केल्या असतीन असल्या गोष्टी ऐकून, तर आजच चालू करा."

सुशील माइक घ्यायला पुढे सरसावला. पण खुर्चीवरून महादेवराव उठले. "राहू दे सुशील. नालीचं कुठून आणलं तू? मी डॉक्टरले विचारल्याशिवाय कोणाले आसन शिकवत नाही, तुले ठाऊक नाही का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा तुम्ही, अंजनाबाई. पोरीले नेऊन आणा."

मी वैभवीला मनगटाजवळ धरून उठवायला गेले, ती "आई गं" करून ओरडली, तर दंड धरून उठवलं. पोहे राहिले, टाळ्या राहिल्या. बाहेर ऑटो केला.

आम्ही दवाखान्यात जाऊन बसतो न बसतो तोच हे मागून स्कूटरवर आले. शाल अजून गळ्यातच.

"चार लोकांत नाक कापलं माहं," शेजारी बसून दातांतल्या दातांत म्हणाले.

"नाक आहे तुमचं जागेवर. पोरीची बोटं पाहा."

त्यांनी पाहिली नाहीत. पण उठूनही गेले नाहीत. नंबर आल्यावर आमच्या मागोमाग आत आले आणि दाराशी उभे राहिले.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"महिना झाला," मी म्हटलं.

वैभवी खाली बघत होती. "बारावीपासून," ती म्हणाली. "पहिले पायाची बोटं. मग मनगट. हाताचं आत्ता वाढलं."

मला काही समजेचना. बारावीपासून? माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर? "सांगितलं काहून नाही वं?" मी ओरडलेच.

"कोणाले सांगू?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी बाजूच्याच खोलीत झोपत होती ना मम्मी. पप्पा तुले काय काय म्हणत, सारं ऐकू येत होतं. मले नव्हतं ऐकायचं ते माह्यासाठी."

दाराकडून "अवं, पण..." एवढं आलं. मी वळून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर हात उगारला असता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासू, हाताचे फोटो काढू. औषधं आहेत, चांगली आहेत. आधी आली असती तर बरं झालं असतं. बोटांच्या ठेवणीवरून एक-दोन सांध्यांची झीज झाली असावी, ती भरून येणार नाही, पण पुढची थांबवता येईल. मग त्यांनी वैभवीचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्यापासून एक एक सांधा दाबायला सुरुवात केली.

"इथे दुखतं?"

वैभवीने आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दुखते," ती म्हणाली.

"आणि इथे?"

"दुखते."

पुढचं बोट. "दुखते." त्याच्या पुढचं. "दुखते!" आवाज चढत गेला, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल इतका. करंगळी झाल्यावर डॉक्टरीणबाई लिहायला वळल्या, तेव्हा दुसरा हात तिने आपणच टेबलावर ठेवला.