मीटरमधला लाल दिवा

स्टीलच्या वाटीत स्क्रू. वाटीला कालच्या वरणाचा वास.

रॉकेल स्वेटरमधून कधीच जात नाही. स्वेटर जुना झाला, त्याचं फडकं झालं, तरी वास फडक्याला येतो.

पावलावर अंगठा दाबला की खळगा पडतो. अंगठा उचलला तरी तो लगेच भरून येत नाही.

"बाबा, पाकीट आलं का? उघडलं का? तुमच्यानं होईल का पण?"

मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली.

पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

आउटर सिग्नलच्या खांबावर दिवा दिसला की तव्यावर भाकरी पडायची.

*

"वाटी नीट धर की. एक स्क्रू जरी पडला तर सीटखालून काढायला तुलाच वाकावं लागंल."

"मी वाकले तर मला काढायला क्रेन लागंल," सत्यशीला म्हणाली.

सिद्धोधन हसला. त्याचं डोकं स्टिअरिंगच्या खाली होतं आणि पाय दाराबाहेर, पूर्णा गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरासमोरच्या उन्हात. शेजारच्या सीटवर त्याची बायको सत्यशीला बसली होती, मांडीवर वाटी घेऊन. दोघांच्या मधे मोबाईल उभा करून ठेवला होता आणि त्यातलं एक पोरगं हिंदीत सांगत होतं, मीटर कसं सैल करायचं, मागची स्पीडची केबल कशी सोडवायची, आणि जुने बल्ब काढून एलईडी कसे बसवायचे.

"हे पोरगं लय घाई करायलंय," सिद्धोधन म्हणाला. "थांबव त्याला."

"मला कुठं येतंय थांबवायला? तुमीच दाबा."

गाडी पेट्रोलवर चालणारी, छोटी, पांढरी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर पाथरीच्या एका मास्तरकडून सेकंडहँड घेतलेली. हौस म्हणून नव्हे. सत्यशीलाच्या काळजात पाणी धरतं, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. खरं तर ते फुप्फुसात धरतं म्हणाले होते, पण घरी येईपर्यंत काळजात झालं. दम लागायला लागला की रस्त्यात वेळ घालवायचा नाही, थेट घेऊन यायचं. रेल्वेचा पास पेटीत पडून होता. पण स्टेशनचा जिना तिला आता चढवत नव्हता, आणि रेल्वेला वेळापत्रक असतं, दमाला नसतं. म्हणून ही गाडी. ती कायम तयार पाहिजे. रोज सकाळी सिद्धोधन टायर दाबून बघायचा, काच पुसायचा, पेट्रोलचा काटा बघायचा.

त्या काट्यानंच घोळ केला होता. मीटरमधले बल्ब इतके मंदावले होते की दिवेलागणीनंतर काटा कुठं आहे ते कळत नसे. मागच्या खेपेला परभणीहून परतताना त्यानं आगपेटीची काडी पेटवून काटा बघितला. सत्यशीलानं ती गोष्ट लेकीला फोनवर हसत हसत सांगितली. लेक संघप्रिया पुण्याला एका बँकेत. ती हसली नाही. "लॅम्पमनच्या गाडीत अंधार? शोभतं का बाबा?" म्हणाली, आणि आठवड्याच्या आत कुरिअरनं एलईडीचं पाकीट आलं.

जुने बल्ब निघाले ते काळवंडलेले. एकेक होल्डर पाव फेरा फिरवायचा, बाहेर ओढायचा, बल्ब उपटायचा, नवा खोचायचा. सिद्धोधनची बोटं हे काम ओळखत होती. तो प्रत्येक जुना बल्ब उन्हाकडे धरून बघत होता, आतली तार शाबूत आहे का ते, आणि मग गाडीच्या दाराशी ओढलेल्या बाजेवर ओळीनं ठेवत होता.

"फेकून द्या की."

"कामून? काही काही चांगले हायत."

लाइटचं बटण दाबल्यावर निम्मे पेटले, निम्मे नाही. पोरगं म्हणालं होतं, ह्या दिव्यांना उलटसुलट असतं. पेटला नाही तर काढायचा आणि फिरवून बसवायचा. त्यानं न पेटलेले काढून फिरवले. मग सगळे पेटले. काट्यांमागे पांढराशुभ्र उजेड आला.

"दवाखान्यासारखा दिसायलाय," सत्यशीला म्हणाली.

"काटा दिसायलाय ना? बास."

मीटर जागेवर गेलं, वाटी रिकामी झाली. त्यानं चावी फिरवली. ऑइलचा लाल दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रामागे काहीच झालं नाही. सेल मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं.

"त्यो कोपऱ्यातला लागला न्हाई," ती म्हणाली. "रोज चावी फिरवली की लागायचा, मग गाडी चालू झाली की जायचा."

"न्हाई लागला ते बरंच हाय."

"बरं कसं काय?"

"लाल दिवा कदी लागतो? बिघाड झाल्यावर. बिघाडच न्हाई तर कशाला लागंल? आता तुझंच बग. आदी रोज कण्हायचीस. आता किती दिस झालं, आवाज न्हाई. म्हंजी गुण आला का न्हाई?"

सत्यशीलानं रिकाम्या वाटीत बोट फिरवलं.

"व्हय," ती म्हणाली. "लय गुण आलाय."

ती खाली उतरली आणि गाडीच्या दाराला धरून थोडा वेळ उभी राहिली. तो समजला, नवा उजेड बघतेय.

तो एक दिवा फिरवून बघायचा तर सगळं मीटर पुन्हा सैल करावं लागलं असतं. आणि चहा निवत होता.

*

लॅम्पमन म्हणजे काय, हे संघप्रियाला शाळेत कधी धड सांगता आलं नाही. "बाबा दिवे लावतात," ती सांगायची, आणि पोरं म्हणायची, "देवळात?"

छोट्या रुळांचे दिवस होते. सिग्नल म्हणजे लोखंडी खांब, वर हात, हाताशेजारी लाल आणि हिरवी काच, आणि काचेमागे रॉकेलचा दिवा. उन्हं उतरली की सिद्धोधन दोन्ही हातांत दिवे घेऊन रुळांच्या कडेनं निघायचा. शिडी चढायची, दिवा ठेवायचा, वात बघायची, खाली उतरायचं, पुढचा खांब गाठायचा. दिव्याच्या डब्याला मागच्या बाजूनं एक बारीक भोक असे. स्टेशनातल्या माणसाला समोरची रंगीत काच दिसत नाही, ते भोक दिसतं. त्यावरून त्याला कळतं की दिवा जळतोय.

ते भोक रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावरूनही दिसायचं. सत्यशीला नवी नवरी होती. शेवटच्या खांबावरचा ठिपका उजळला की ती पीठ मळायला घ्यायची आणि नवरा घरी येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. एकदा वाऱ्यानं दिवा गेला तेव्हा स्टेशनात कळायच्या आधी तिला कळलं होतं. ती ओट्यावरून ओरडली होती, "आवं, तुमचा गेला बगा!" तो अर्धा घास टाकून पळाला. नंतर कितीतरी वर्षं स्टेशनातले लोक त्याला म्हणत, "तुझ्या बायकोलाच नोकरीत घ्यायला पाहिजे होतं."

मग रूळ रुंद झाले, सिग्नलला वीज आली, लॅम्परूमला कुलूप लागलं. सिद्धोधन पॉइंट्समन झाला, झेंडी दाखवली, डबे जोडले, आणि हारतुरे घेऊन घरी आला.

*

थंडी वाढली. सकाळी गाडीचा सेल जड लागायला लागला. ऑइल गोठलं असेल, सिद्धोधननं ठरवलं. भाजी आणायला, रेशन आणायला, औषधं आणायला गाडी जात होती आणि येत होती. मीटर लखलखत होतं. बॅटरीचा दिवा रोज विझलेला होता आणि तो रोज तिकडे बघून निश्चिंत होत होता.

सत्यशीला उशाला दोन उशा घेऊ लागली. मग तीन. विचारलं तर म्हणाली, "मान दुखते."

एका संध्याकाळी ती चुलीपुढून उठली आणि दाराच्या चौकटीला टेकली. ओठांचा रंग जांभळासारखा झाला होता.

"चला," ती म्हणाली. बाकी काही नाही.

सेल दोनदा नुसता कण्हला, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. पेट्रोल अर्ध्याच्या वर. काटा स्पष्ट दिसत होता. पूर्णा मागे पडली, झिरो फाटा आला. फाट्यावरून परभणीच्या रस्त्याला वळले तेव्हा दिवस मावळला होता. सिद्धोधननं हेडलाइट लावले.

"संघाला फोन लावू का?"

"नगा. लेकरू खामखा घाबरंल." प्रत्येक शब्दाला ती थांबत होती. "गेल्यावर लावा. सलाईन लागल्यावर."

समोर उसाची ट्रॉली चालली होती, मागे दिवा नसलेली, रस्त्यावर वाढं सांडत. तो ओलांडायला बाजूला झाला तर पुढचा रस्ता दिसेना. आधी त्याला वाटलं, आपले डोळे गेले. मग कळलं, हेडलाइट पिवळे झालेत. मग तांबडे झाले. इंजिननं एक आचका दिला, दुसरा दिला. त्यानं गाडी कडेला घेतली आणि ती तिथंच गप झाली.

चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टकही नाही. मीटरमध्ये मात्र तो पांढरा उजेड मंदपणे शिल्लक होता आणि त्यात पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर दिसत होता.

"काय झालं?"

"काई न्हाई. जरा दम धर."

"दम… धराया," ती म्हणाली, आणि हसायला गेली, "असता तर… कशाला आले असते?"

पुढं गेलेली ट्रॉली थांबली. ट्रॅक्टरवाला उतरला. त्यानं आत डोकावून बघितलं, बॉनेट उचललं आणि बॅटरी हाताच्या मुठीनं ठोकून पाहिली. "धक्का मारू, काका. तुमी गिअरात टाका." त्यानं आणि ट्रॉलीवरच्या दोन ऊसतोड्यांनी गाडी ढकलली. गाडी एकदा खोकली, पुन्हा खोकली. पुढं काही नाही. मग तो ट्रॅक्टरवालाच रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला आणि येणारी एक जीप त्यानं थांबवली. "बाई सिरियस हाय, उतरा, उतरा, जागा करा!" पुढच्या सीटवरचे दोघं न बोलता मागे गेले. तिघांनी सत्यशीलाला उचलून आत बसवलं. तिच्या पायातली चप्पल रस्त्यावर राहिली.

जीपवाल्यानं चावी फिरवली. जुनी जीप. कळकट मीटरच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं आणि तो दिवा गेला.

सिद्धोधन त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. सत्यशीलाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांवर बॅटरी मारली, पुन्हा नाडी बघितली. "रस्त्यात थांबला होतात का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागद ओढला.

*

सत्यशीलाचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, संघप्रिया पुण्याला परतली. मग सिद्धोधन बस धरून झिरो फाट्यावर गेला. गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढं ओढून आणलेली होती. महारुद्र नाव त्याचं, पस्तिशीचा, तोंडात तोबरा.

"तुमचीच का, काका? बॅटरी पार बसली. चार्जिंगच होत नव्हतं."

"डायनामो गेला का?"

"डायनामो ठणठणीत हाय. त्याला जागा करणारा झोपला होता." महारुद्रनं मीटर मोकळं केलेलं होतंच. त्यानं कोपऱ्यातला होल्डर ओढला आणि एलईडी तळहातावर ठेवला. "ह्यो उलटा बसलाय. आन सुलटा असता तरी उपेग नव्हता. हितला जुना बल्ब पाहिजे. चावी फिरवली की त्याच्यातून करंट जातो, तवा डायनामो उठतो. तुमी गाडीला दागिने घातले, काका, आन जेवायलाच घातलं न्हाई!" तो हसला. "लाल दिवा लागंना, तवा ध्यानात न्हाई आलं?"

सिद्धोधननं तो एलईडी उचलून उन्हाकडे धरला.

"चालायचंच. मोबाईल बघून समदे असंच करायलेत. बरं झालं, एकटेच होते. घरचं माणूस संगट असतं तर बेजार झालं असतं."

"व्हय," सिद्धोधन म्हणाला. त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, आणि जुन्या बल्बांतला एक, तार शाबूत असलेला, पुढं केला. "ह्यो चालंल का?"

"पळंल."

घरी आल्यावर लेकीचा फोन आला.

"बाबा, गाडीला काय झालं होतं?"

"बॅटरी जुनी होती."

"मी पाठवलेल्या दिव्यांचं तर काही…"

"न्हाई गं. ते लय चांगले हायत. काटा स्वच्छ दिसत होता. तू जेवलीस का?"

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. "संघा?" त्यानं विचारलं. "बोल की. गप नगं ऱ्हाऊ." तेव्हा ती रडली, आणि तो फोन कानाला धरून ऐकत राहिला.

आता उन्हं उतरली की सिद्धोधन गाडीत जाऊन बसतो. कुठं जायचं नसतं. चावी अर्धी फिरवतो. कोपऱ्यातला लाल दिवा लागतो. तो बघतो. शेजारच्या सीटवर स्टीलची वाटी आहे, ती त्यानं उचललेली नाही. मग चावी काढून घेतो आणि दार हळूच लावतो.

१९८७ साली लॅम्पमनच्या तोंडी परीक्षेत साहेबांनी सिद्धोधनला पहिलाच प्रश्न विचारला होता: सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर काय समजायचं? "लाल समजायचं, साहेब," त्यानं उत्तर दिलं होतं, आणि तो पास झाला होता.