दहा उंदरांची अट

मी उंदरांचा पिंजरा बोलतोय. बोलतोय खरा, पण ऐकू कुणालाच जात नाही, आणि आज तर ते कुणाला तरी ऐकू जायलाच हवं. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. माझ्या हातून आजवर एक गोष्ट धड झालेली नाही.

माझा जन्म भिलाईचा, अठ्ठावन्न सालातला. तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मैलोन्‌मैल जमीन खणली गेली आणि शेतांतले उंदीर बेघर होऊन खुर्सीपार वस्तीतल्या मजुरांच्या टिनाच्या खोल्यांत शिरले. अशाच एका खोलीत तुमसरकडचा देवीदास वेल्डर राहत होता. बायको मैनाबाई आणि दीड महिन्याची मुलगी. आधीची दोन मुलं गेलेली, ही तिसरी.

एका दुपारी मैनाबाई दारात तांदूळ निवडत होती. मुलगी किंचाळली. उंदरानं तिच्या पायाचा अंगठा कुरतडला होता.

"आजच्या आज पिंजरा आना," मैनाबाई म्हणाली.

"बाजारातला लाकडी पिंजरा चार दिस टिकत नाही. मी बनवतो ना!"

चूक इथंच झाली. भट्टीचे खांब जोडणाऱ्या माणसाला हलकं काही बनवताच येईना. फोरमनला विचारून त्यानं उरलेसुरले तुकडे घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत मला जोडलं. बोटाएवढ्या सळ्या, जाड पत्रा, आणि दार असं की दोन हातांनी उचलावं. फोरमन हसला, "देवीदास, इसमें चूहा पकड़ेगा या शेर?" देवीदासला ती शाबासकी वाटली. मलाही.

पहिल्याच दिवशी उंदीर आत आला, आकड्याला लावलेलं खोबरं खाल्लं, तोंड पुसलं आणि निघून गेला. माझा आकडा तसूभरही हलला नाही. त्याच्या वजनानं हलेल असा तो नव्हताच. चार दिवस हेच.

शेजारच्या भीमाबाईनं दारातूनच ओरडून सांगितलं, "मैना, तुया नवऱ्यानं उंदरांची खानावळ काढली वं! आमच्या घरचेही तिकडंच जेवून राहिले."

सगळ्या वस्तीनं हसून घेतलं. मैनाबाई हसली नाही. पाचव्या दिवशी मुलीच्या कानाशी उंदीर दिसला, तेव्हा तिनं बोचकं बांधलं.

"मी चालली बापाघरी. हा पोलादाचा हत्ती तुमीच सांभाळा."

"अवं, दोन दिस थांब ना..."

"दोन पोरं मी थांबूनच घालवली," ती म्हणाली, आणि गेली.

देवीदास दोन दिवस कानस घेऊन माझा आकडा घासत बसला. ड्यूटीवरून यायचा, चूल पेटवायचा नाही, नुसता घासायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी उंदरानं खोबऱ्याला तोंड लावलं आणि माझं दार धाडकन पडलं. पहिला!

देवीदासनं काय करावं? मला गोणपाटात गुंडाळलं, उंदरासकट, आणि तुमसरची पॅसेंजर गाठली. डब्यातल्या बायका पाय वर घेऊन बसल्या. हा प्रत्येकाला सांगत होता, "पयलाच हाय, पयलाच."

सासऱ्याच्या अंगणात त्यानं मला ठेवलं. मैनाबाई मुलीला खांद्यावर घेऊन आली. वाकून बघितलं.

"एकच?"

"आता रोज सापडन."

तिनं मुलीचा अंगठा पदरानं झाकला. मग म्हणाली, "दहा पकडा. दहा झाले का न्यायले या. मी येईन."

तिचा बाप फकिरा धानाच्या कोठीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "जवाईबापू, ह्या पाहुन्याले मात्र वापस घेऊन जा. माह्या घरचे मले पुरे हायेत."

म्हणून उंदीर पुन्हा भिलाईला आला. मारायचा तर नाही, गणपतीचं वाहन. देवीदासनं नाल्यापलीकडे जाऊन मला उघडलं, हात जोडले, आणि घरी येऊन कारखान्यातल्या खडूनं टिनाच्या भिंतीवर एक रेघ ओढली. तेव्हापासून तोच नेम. उंदीर सापडला की गोणपाट, नाला, नमस्कार, रेघ. काल नऊ झाल्या.

आता जे सांगायचं ते सांगतो. लाज वाटते म्हणून इतका वेळ टाळलं. माझं जड दार पहिल्यांदा पडलं तेव्हाच त्याच्याखाली त्या पहिल्या उंदराच्या शेपटीचं टोक तुटलं होतं. दुसऱ्या वेळी आला तो बांड्या शेपटीचाच. तिसऱ्यालाही तसाच. मी मनाला समजावलं, असतील वस्तीत बांडे उंदीर; आपणच चुकत असू. पण नऊच्या नऊ? हा एकच उंदीर आहे. खोबरं खातो, नाल्यापलीकडे फिरून येतो आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. बाकीचे माझ्याजवळ फिरकतही नाहीत. मुलीच्या इथं राहिलेल्या झोळीतल्या गोधडीत एका उंदरीनं पिल्लं घातली आहेत. सात. मला इथून दिसतात.

देवीदासला दिसत नाहीत. तो माझ्यावर गोणपाट टाकतो आणि रेघा मोजतो. आज त्यानं उद्याची रजा मागून घेतली. मुलीसाठी झबलं आणलं. भीमाबाईला म्हणाला, "एकच राहिला, वहिनी. उद्या घेऊन येतो दोघींले."

"आन बाप्पा लवकर," तीसुद्धा खुशीत म्हणाली.

अहो, ऐकणारं कुणी असेल तर देवीदासला एवढंच सांगा: रेघा मोजू नकोस, शेपटी बघ. ती गोधडी एकदा झटक. त्या लेकराला इथं आणू नकोस.

बांड्या आला आहे. आत शिरतोय. जन्मात पहिल्यांदाच मला वाटतंय की दार पडू नये. सगळा जीव एकवटून मी ते धरून ठेवलंय. पण देवीदासनं आकडा फार छान घासला आहे.