उताणा वास्तुपुरुष

काष्टीच्या आप्पासाहेबांनी बंगला बांधला तो छतासाठी. भिंती नाइलाजाने उभ्या केल्या, कारण छत अधांतरी राहत नाही. मोबाईलवर जगभरची छतं बघून त्यांना वेड लागलं होतं. हॉलच्या पीओपीवर मधोमध इराणच्या मशिदीतला निळा घुमट, भोवती रोमच्या चर्चमधले ढगांवर लोळणारे देवदूत आणि कडेने जयपुरी आरसे. पंखा नव्हता, कारण दांडी नेमकी एका देवदूताच्या पोटातून गेली असती.

वास्तुशांतीला आम्ही घामाघूम होऊन बसलो. आप्पासाहेब वर बघून सारखे खाकरत होते. पण फरशी एवढी गुळगुळीत, की जो तो पायाखालीच बघून चालत होता. कुणी वर बघेना. आप्पासाहेबांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात शामकांत गुरुजींनी आग्नेय कोपऱ्यातल्या खड्ड्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी ठेवली. आप्पासाहेब उसळले.

"आवो गुरुजी, मी वर येवढं करून ठिवलंय, अन् घरचा देवच मातीत तोंड खुपसून पडनार? उताणा करा त्याला!"

"पालथाच निजवतात. शास्त्र आहे," गुरुजी म्हणाले. "आणि वरून फरशी बसणार. त्याला काय दिसणार?"

"मग काच बसवू!"

गुरुजींना पुढची पूजा गाठायची होती. त्यांनी देव उताणा केला. टीपॉयची काच काढून खड्ड्यावर बसवली. निदान एक प्रेक्षक मिळाला, म्हणून आप्पासाहेब खुलले.

"मातोश्रींना तीर्थ देऊ," गुरुजी म्हणाले.

मातोश्री, म्हणजे गोजरबाई, मागच्या पत्र्याच्या खोलीत होत्या. पाय गेल्यापासून त्या खाटेवरच असत, आणि खाट हॉलमध्ये शोभत नव्हती. गुरुजी आणि आप्पासाहेबांबरोबर आम्ही दोघंतिघं मागे गेलो. पत्रा तापला होता. त्याच्याखाली म्हातारी उताणी पडलेली. तीर्थ घेऊन ती लेकाला म्हणाली,

"आप्पा, मला जरा कुशीवर कर रं. दिसभर ह्यो पत्रा बघून डोळं शिनलं."

मला तिथेच आप्पासाहेबांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"पाव्हनं गेल्यावर करतो," आप्पासाहेब म्हणाले आणि देवाला नीट दिसावं म्हणून काच पुसायला फडकं शोधू लागले.