धाकूचं ताट

"रगत तपासा बाय, रगत! कोनीतरी इख घातलंय माजे वाघ्याला!" दवाखान्याचं टेबल घट्ट धरून गोदा ओरडली. कोनीतरी म्हणजे शेजारची रंगूबाई. वाघ्या तिच्या कोंबड्यांमागे धावायचा ना! सकाळी नळावर गोदाने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मगच मुलाला, हितेशला घेऊन कुत्र्याला वर्तकनगरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर माधवीने वाघ्याचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पुढच्या पायावरचे केस कापून तिने रक्त काढलं, तरी वाघ्याने साधं कुंईसुद्धा केलं नाही. एरवी त्याची नखं कापायची तर चार माणसं लागायची. 

थोड्या वेळाने माधवी आत रक्त तपासून आली. "मावशी, याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतायत. जेवायला काय देता?"

गोदाला रागच आला. खाण्यात हात आखडणारी बाई नव्हती ती. "मालक जेवायचं तेच. त्याचंच ताट मांडतंय याला. भाकर, कालवन, न् बुक्कीनं फोडलेला कांदा चुरून. मालकाला कांद्याबिगर घास उतरायचा नाय."

"कच्चा कांदा? रोज?"

"रोज. दोनी वेला."

माधवीने हळूच सांगितलं, "मावशी, कुत्र्याला कांदा विषच असतो. त्यानंच झालंय हे."

 हितेशने "आये, बस जरा," म्हणत स्टूल ओढलं, पण गोदा बसली नाही. गेल्या वर्षी तिचा मालक, धाकू गेला, तेव्हा वाघ्या दारात उपाशी बसून होता. पहिल्यांदा जेवला तो धाकूच्या ताटात. त्या दिवशी गोदाला वाटलं होतं, नवऱ्याला घास पोचला. आणि तिने आपल्या हाताने, मायेने, रोज वाघ्याला विष चारलं!

"जगेल ना गं बाय?"

"कांदा बंद करा, औषध देऊ. वाचेल असं वाटतंय, पण आज खात्री नाही देता येत."

रंगूबाईच्या दारावरून गोदा मान खाली घालून घरी आली. नुसता भात शिजवून तिने तो ताटात वाढला. वाघ्याने हुंगला आणि तिच्या हाताकडे बघितलं. मग कसाबसा उठून तो तिचा तळवा चाटू लागला. तळव्याला कालचा कांद्याचा वास होता.

गोदाने हात झटकन ओढून घेतला. वाघ्या कान पाडून मागे सरला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना.